बँड मोडतोय, मग रेकॉर्डिंग कशाला?

प्रश्न : ताई, आमचा चौघांचा हार्डकोअर पंक बँड आहे, म्हणजे अतिशय वेगात वाजवायचं आणि ओरडून गायचं रॉक. सगळे नाशिकच्या सिडकोत नाहीतर पाथर्डी फाट्याकडे राहतो. अंबडला ड्रमरच्या मामांचा पावडर कोटिंगचा (धातूवर पावडरीचा रंग भाजून बसवायचा) गाळा आहे, सुट्टीच्या दिवशी तिथे प्रॅक्टिस करतो. अकरा गाणी झालीत, सगळी मराठीत. सगळ्यात मोठं गाणं एक मिनिट वीस सेकंदांचं. लोकांसमोर तीनदा वाजवलं. त्यातलं एक कॉलेजच्या गॅदरिंगला, तिथे दुसऱ्या गाण्यालाच साउंड बंद केला. आता गिटारवाल्याला पुण्यात नोकरी लागली, तो जूनमध्ये जाणार. बेसवाला एमपीएससीच्या अभ्यासाला बसणार. म्हणजे बँड संपलाच. आमच्या डब्यात साडेसहा हजार रुपये आहेत. मी म्हणतो रेकॉर्डिंग करू. बाकीचे म्हणतात, बँडच राहणार नाही तर कोणासाठी? पैसे वाटून घेऊ. तुम्हाला काय वाटतं?
– बँडमधला गायक, सिडको

उत्तर : रेकॉर्डिंग करा. गिटारवाल्याची बॅग भरायच्या आत करा. आणि त्या डब्याला हात लावू देऊ नकोस.

तुझं पत्र वाचताना मला ज्यांची आठवण झाली त्यांची गोष्ट आधी सांगते, म्हणजे ती तू त्या तिघांना वाचून दाखवू शकशील. अमेरिकेत वॉशिंग्टन डीसी इथे १९७९ साली शाळकरी पोरांनी टीन आयडल्स नावाचा बँड काढला. बेसवर इयन मकाय, ड्रमवर जेफ नेल्सन आणि आणखी दोघं. जेमतेम वर्षभर वाजवलं. १९८० च्या ऑगस्टमध्ये बसने पार कॅलिफोर्नियापर्यंत जाऊन आले आणि नोव्हेंबरमध्ये बँड मोडला. तोवर कार्यक्रमांचे जे काही पैसे मिळाले होते ते त्यांनी कधीच वाटून घेतले नव्हते, एकत्र साठवले होते. सुमारे सहाशे डॉलर. आता तुमच्यापुढे आहे तोच प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी त्या पैशांतून मोडलेल्या बँडची रेकॉर्ड काढली. सात इंची तबकडी, आठ गाणी, एक हजार प्रती.

दुसरं कोणी ती काढेल याची वाट त्यांनी पाहिली नाही, स्वतःच लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी काढली. त्याचं नाव डिस्कॉर्ड. तबकडीचं कव्हर कसं बनतं हेही त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून एका तयार रेकॉर्डचं कव्हर सोडवून, पसरून पाहिलं, तसाच कागद छापून घेतला आणि मित्रमैत्रिणींनी घरी बसून कात्रीने कापून, घड्या घालून, चिकटवून ती कव्हरं तयार केली. बँड तेव्हा अस्तित्वात नव्हता! तरी ही मेहनत केली. ते लेबल आजही चालू आहे, आणि त्याच्या यादीतला पहिला क्रमांक त्या मोडलेल्या बँडचा आहे.

रेकॉर्डिंग झालं ते आर्लिंग्टनमध्ये, डॉन झिएन्टारा नावाच्या माणसाच्या राहत्या घरात. त्या घरगुती स्टुडिओचं नाव इनर इअर. टेपवर फक्त चार ट्रॅक. म्हणजे एका वेळी चारच वेगळे आवाज धरता येतील एवढी सोय. हे मुद्दाम सांगतेय, कारण तुमच्या गाळ्यात तुम्ही आज याच्यापेक्षा जास्त करू शकता.

त्याच गावात आणि त्याच सुमाराला स्टेट ऑफ अलर्ट नावाचा बँड होता. १९८० च्या शरदात सुरू, १९८१ च्या जुलैत खलास. गाणारा हेन्री रोलिन्स पुढे ब्लॅक फ्लॅग या हार्डकोअर बँडमध्ये गेला आणि जगभर माहीत झाला. बँड चालू असताना त्यांची एकच रेकॉर्ड निघाली, दहा गाण्यांची, आणि ती दहाही गाणी मिळून दहा मिनिटंसुद्धा भरत नाहीत. टीन आयडल्स मोडल्यावर मकाय आणि नेल्सन यांनी मायनर थ्रेट काढला. तोही मध्येच थांबला होता, कारण गिटार वाजवणारा कॉलेजला निघून गेला. परत आला, परत सुरू झाले, आणि १९८३ च्या सप्टेंबरमध्ये शेवटचा कार्यक्रम. त्यांचं सगळं काम पुढे १९८९ मध्ये एका सीडीवर आलं : सव्वीस गाणी, सुमारे ४७ मिनिटं. जवळजवळ तीन वर्षांचं आयुष्य एका तासात मावतं. तरी आज जगात कुठेही कोणी पोरं हार्डकोअर वाजवायला बसली की त्या ४७ मिनिटांपाशी येतात.

‘कोणासाठी?’ हा तुझ्या मित्रांचा प्रश्न मला कळतो. माझं उत्तर असं की आधी तुमच्या चौघांसाठी, आणि मग त्या पोरासाठी जो अजून आठवीत आहे आणि ज्याला माहीत नाही की सिडकोत कोणी मराठीत असं गाऊ शकतं. त्याला तुमचा बँड प्रत्यक्ष ऐकायला मिळणार नाही. रेकॉर्डिंग मिळेल. मी नाशकात भजनी मंडळांपासून ढोल पथकांपर्यंत नाना तऱ्हेचे आवाज रेकॉर्ड केलेत. गंगापूर गावाकडच्या एका मंडळाचे पखवाज वाजवणारे बुवा गेले, तेव्हा घरच्यांनी माझ्याकडे विचारणा केली, कारण त्यांच्याकडे लग्नातल्या व्हिडिओतला तुकडा सोडून काही नव्हतं आणि त्यातही वरातीचा बँड वरचढ. माझ्याकडे एक पूर्ण काकडा होता. ती फाइल त्यांच्या हाती देताना मला जे वाटलं, त्या भरवशावर मी तुला एवढ्या ठामपणे सांगतेय.

आता कसं करायचं.

महागड्या स्टुडिओत तासाच्या हिशोबाने जाऊ नका. घड्याळाकडे बघत वाजवलेलं हार्डकोअर कानाला लगेच कळतं. गाळ्यातच करा, जिथे ही गाणी झाली तिथे. शेजारचे गाळे बंद असतील तो दिवस निवडा, नाहीतर कोणाचा तरी कॉम्प्रेसर प्रत्येक गाण्यात घुसेल. पत्र्याचं छप्पर आणि फरशी यांच्यामध्ये झांजांचा आवाज नुसता उसळत राहतो, तेव्हा घरोघरच्या गोधड्या, सतरंज्या गोळा करा. ड्रमच्या मागच्या भिंतीवर दोन, वर आडवी दोरी बांधून तिच्यावर दोन, आणि ड्रमखाली एक जाड सतरंजी. पावडर कोटिंगची ओव्हन त्या दिवशी बंद हवी, आणि झाडून पुसून घ्या, ती पावडर गाणाऱ्याच्या छातीत जायला नको.

चार इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) एक दिवसासाठी भाड्याने घ्या. सोबत डायनॅमिक माइक, एसएम ५७ किंवा त्या जातीचे, तीन. एक बास ड्रमसमोर, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमसमोर. एक ड्रमरच्या डोक्यावरून स्नेअरकडे, म्हणजे समोरच्या खणखणीत ड्रमकडे तोंड केलेला. एक गिटार अॅम्पच्या स्पीकरला चार बोटं अंतरावर, स्पीकरच्या मध्यावर न ठेवता थोडा कडेला. बेस माइकशिवाय, डीआय बॉक्स नावाच्या छोट्या डबीतून वायरने थेट. झाले चार ट्रॅक. तिघांनी एकत्र, एकमेकांकडे बघत वाजवायचं. हेडफोनमध्ये टिकटिक लावून एकेकट्याने वाजवायचा हट्ट कोणी केला तर ऐकू नका. हे संगीत पुढे-मागे सरकतं, ड्रमर शेवटच्या कडव्यात पळतो आणि बाकीचे त्याच्यामागे पळतात, आणि नेमकं तेच मला तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकायचं आहे. तू त्या वेळी माइकशिवाय हळू म्हणत उभा राहा, म्हणजे कोणी चुकणार नाही. तुझा आवाज मागाहून घ्या, पण त्याच दिवशी, तिघं समोर उभे असताना.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. सगळ्यात जोरात वाजवून पाहा आणि लेव्हल उणे १० डेसिबलच्या वर जाणार नाही अशी लावा. फोनवरच्या तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज मध्येच दबतो आणि मध्येच फाटतो ना, ते फोन स्वतःहून आवाज वर-खाली करत असतो म्हणून. प्रत्येक गाण्याचे तीन टेक घ्या. अकरा गाणी, तीनदा, धरून चाला चाळीस मिनिटं. चारही ट्रॅक मिळून सगळा माल दीड जीबीच्या आत बसतो. एवढ्यासाठी काही पुसायचं कारण नाही. फसलेले टेकही ठेवा. फोनवरचे जुने तुकडे तर ठेवाच. टीन आयडल्सच्या अगदी कच्च्या टेपा १९९६ मध्ये डिस्कॉर्डची शंभरावी रेकॉर्ड म्हणून बाहेर आल्या. मायनर थ्रेटची पहिली डेमो टेप २००३ मध्ये आली, बँड मोडून वीस वर्षं झाल्यावर. तेव्हा कोणी ‘हे काय, खराब आहे’ म्हणून त्यावर दुसरं काही टेप केलं असतं तर?

प्रत्येक फाइलच्या नावात गाण्याचं नाव, तारीख आणि टेक क्रमांक लिहा. चौघांकडे चार पूर्ण प्रती. शिवाय एक कागद : कोणी काय वाजवलं, कोणी शब्द लिहिले, कुठे रेकॉर्ड केलं, गाळ्यासाठी मामांचे आभार. सगळे शब्द टाइप करून सोबत. पैसे उरले तर पन्नास कव्हरं झेरॉक्स काढा आणि हाताने कापा. आणि पहिली प्रत इथे पाठव. मला ती ऐकायची आहे.

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा. खोलीचं दार लावून हेडफोनवर हार्डकोअर पंक ऐकतो आणि त्याबरोबर किंचाळतो. घसा कायमचा बसेल का? आणि स्पष्टच विचारते, या नादाने दारू-सिगारेटची सवय लागते का?
– एक आई, गंगापूर रोड

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्याचं उत्तर तुम्हाला अनपेक्षित वाटेल. वरच्या उत्तरात ज्या मायनर थ्रेटचा उल्लेख आहे, त्यांचं १९८१ मधलं ४६ सेकंदांचं एक गाणं सरळ म्हणतं की मला नशेची गरज नाही. त्यातून ‘स्ट्रेट एज’ नावाची वाट निघाली. दारू नाही, सिगारेट नाही, ड्रग्ज नाहीत. जगभरात हजारो पोरं ती पाळतात. हातावर काळी फुली काढतात त्यामागेही गोष्ट आहे. अल्पवयीन मुलांना क्लबमध्ये गाणं ऐकायला सोडायचं पण दारू द्यायची नाही, म्हणून दारावर त्यांच्या हातावर फुली मारत. टीन आयडल्सनी ही पद्धत कॅलिफोर्नियाच्या त्या प्रवासात पाहिली आणि डीसीच्या क्लबला सुचवली, म्हणजे वय कमी म्हणून कोणी बाहेर राहायला नको. पुढे पोरांनी ती फुली आपण होऊन मिरवली. सगळेच हार्डकोअर बँड असे नसतात, हेही खरं. पण मुलाला विचारा की स्ट्रेट एज काय असतं. त्याच्याशी बोलायला ही चांगली सुरुवात आहे, आणि तो तुमच्याकडे नव्या नजरेने बघेल.

घशाचं म्हणाल तर, ताण मानेच्या शिरांवर दिसत असेल तर तो चुकीचं ओरडतोय. श्वास पोटातून हवा, जबडा सैल हवा, आणि आधी पाच-दहा मिनिटं ओठ फुरफुरवत, गुणगुणत आवाज गरम करायला हवा. मध्ये मध्ये पाणी. घसा दुखला की त्या दिवसापुरतं थांबायचं, कुजबुजत बोलायचंही नाही. आवाज दोन-तीन आठवडे घोगराच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.

मला मात्र त्याच्या घशापेक्षा कानांची जास्त काळजी वाटते. ८५ डेसिबलला माणूस आठ तास बसू शकतो असं मानतात. त्यावर दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पाव तास. बंद खोलीत ड्रम सेट हा आकडा सहज गाठतो, हेडफोनही गाठतात, आणि गणपतीत ढोल पथकात उभं राहणाऱ्या पोरांचंही तेच. कानाचं गेलेलं ऐकणं परत येत नाही. फोमचे इअरप्लग औषधाच्या दुकानात मिळतात. त्याच्या वाढदिवसाची वाट बघू नका.

प्रश्न : चाळीस सेकंदांत गाणं संपतं, शब्द कळत नाहीत, सूर लागत नाही. याला संगीत का म्हणावं? मी हे रागाने नव्हे, समजून घ्यायला विचारतो.
– निवृत्त शिक्षक, पंचवटी

उत्तर : काका, तुम्ही पंचवटीतले आहात म्हणून तिथूनच सुरुवात करते. विष्णू दिगंबर पलुस्करांनी नाशकात रामनाम आधार आश्रम उभारला, आणि त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय पलुस्कर अवघ्या ३४ व्या वर्षी, १९५५ मध्ये गेले. आपल्या पिढ्यांनी त्यांना कुठे ऐकलं? बहुतेकांनी ७८ आरपीएमच्या तबकडीवर. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं. मैफलीत पाऊण तास चालणारा राग तीन मिनिटांत उतरवायचा म्हणजे काय काय टाकून द्यावं लागलं असेल! आलापी आटोपती घ्यायची, बंदिशीचा मुखडा लगेच, दोन-चार ताना, संपलं. तरी त्यात राग उभा राहतो. त्या छोट्या जागेत गवयाचं काय टिकतं आणि काय गळतं, हे ऐकायची सवय तुमच्या कानांना आहे. तीच सवय इथे वापरून पाहा.

फरक एवढा की पलुस्करांना वेळ तबकडीने ठरवून दिला होता, आणि या पोरांनी तो स्वतः ठरवला. १९७० च्या दशकात रॉकची गाणी लांबत चालली होती, गिटारचे लांबच लांब एकल तुकडे, मोठमोठी स्टेडियम. पंकने ते छाटलं, आणि हार्डकोअरने पंकही छाटलं आणि पळवलं. प्रस्तावना नाही, तेच कडवं तिसऱ्यांदा नाही. जे म्हणायचं ते म्हणून झालं की थांबायचं. वाजवता येत नाही म्हणून जोरात वाजवतात असा समज आहे, तो बॅड ब्रेन्स ऐकला की टिकत नाही. ते वॉशिंग्टनचे कृष्णवर्णीय वादक, आधी जॅझ फ्युजन, म्हणजे जॅझ आणि रॉक मिसळलेलं संगीत वाजवायचे, आणि एवढ्या वेगात त्यांचे थांबे इतके अचूक पडतात की मी ते पुन्हा पुन्हा लावून ऐकते.

शब्द हातात घेऊन ऐका. बहुतेक रेकॉर्डींबरोबर ते छापलेले असतात. आणि सूर शोधू नका, लय धरा. तुम्ही रंगपंचमीला रहाडीपाशी, त्या रंगाच्या हौदापाशी ढोल ऐकत उभे राहिला असाल, तेव्हाही सूर शोधला नसेल. एवढं करूनही आवडलं नाही तर नाही आवडलं, पण मग तो तुमचा ऐकून केलेला निर्णय असेल.

प्रश्न : १९९४ साली आम्ही कॉलेजात रॉक बँड केला होता. एकुलती एक कॅसेट माळ्यावर सापडली. लावू का?
– नाशिक रोड

उत्तर : लगेच लावू नका. आधी झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात फितीच्या कडा बघा. पांढरट बुरशी दिसली तर प्लेअरमध्ये अजिबात घालू नका, फीत स्वच्छ करून देणाऱ्या जाणकाराकडे द्या. आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या दमटपणाने हे फार होतं, आणि माळ्यावर उन्हाळ्याची धगही असते.

फीत स्वच्छ असेल तर वरच्या कडेचे दोन प्लास्टिकचे चौकोन मोडा, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्ड होणार नाही. चांगला कॅसेट डेक मिळवा. त्याचं हेड, म्हणजे फितीला टेकणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. फीत एकदा पूर्ण पुढे, एकदा मागे घ्या. मग कॉम्प्युटरला जोडून, रेकॉर्डिंग सुरू करूनच पहिल्यांदा प्ले दाबा, कारण कधी कधी पहिली फेरीच सगळ्यात चांगली निघते. आवाज दबलेला वाटला तर हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवा, झांज स्पष्ट होईल तिथे थांबा. खरखर काढायच्या मागे लागू नका, आहे तशी मूळ फाइल एक वेगळी ठेवा. कॅसेट फेकू नका. वर म्हटलेल्या बॅड ब्रेन्सचा १९८२ मधला पहिला अल्बम सुरुवातीला फक्त कॅसेटवरच निघाला होता. कमी दर्जाची म्हणून कॅसेटला बाजूला सारण्याचं मला काही कारण दिसत नाही.

प्रश्न : बँड मोडल्यावर गाणी कोणाची?
– सातपूर

उत्तर : शब्द लिहिणाऱ्याचा हक्क शब्दांवर, चाल करणाऱ्याचा चालीवर, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, जो सहसा ज्याने ते करवून घेतलं त्याचा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचं संरक्षण प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतं. मैत्री शाबूत आहे तोवर एका कागदावर लिहून काढा : गाणी कोणाची, इंटरनेटवर कोण चढवणार, पासवर्ड कोणाकडे, पुढेमागे चार पैसे आले तर वाटणी कशी, आणि कोणी नव्या बँडमध्ये ही गाणी वाजवली तर चालेल का. सगळ्यांनी सह्या करा, प्रत्येकाने फोटो काढून ठेवा. सिडकोच्या गायका, हे तुलाही लागू. गिटारवाला पुण्याला जायच्या आधी त्याची सही घे.